मागच्या खोलीतला स्टोव्ह

आईने टीव्ही बंद केला आणि रिमोट उशीखाली सरकवला. हे वाईट लक्षण. रिमोट उशीखाली गेला की समजायचं, बाईसाहेबांनी काहीतरी मनाला लावून घेतलंय आणि आता घरात कोणाचंच काही चालणार नाही. कोणाचंच म्हणजे माझं. दुसरं आहे कोण इथे?

बातमी मी जिना चढताना अर्धीमुर्धी ऐकली होती. कुठल्याशा गावात कोणीतरी खोटी माहिती देऊन सरकारी मदत लाटली होती आणि आता ती व्याजासकट परत करायची नोटीस आली होती.

"आपण किती जास्त घेतले होते गं?" आई म्हणाली.

"कसले?"

"कारखाना बंद पडला त्या वर्षीचे. एका घराची दोन घरं दाखवली होती ना आपण. एकच दाखवलं असतं तर किती मिळाले असते आणि प्रत्यक्षात किती आले, ते काढ. वरचे मला परत करायचेत."

मी दिवसभर दुकानात उभी राहून नुकतीच वर आले होते. बोटांना सरस चिकटलेला, पोटात कावळे ओरडत होते. "आई, तीस वर्षं होऊन गेली. कोणाला परत करणारेस? मदत वाटणाऱ्या साहेबांच्या नातवंडांना?"

"सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," ती शांतपणे म्हणाली. "उठले तर बरंच आहे. नाही उठले तर कोणाची देणेकरी म्हणून जायचं नाही मला."

गुडघ्याच्या ऑपरेशनने कोणी मरत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा ओरडूनच. काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी तिने ताट तसंच बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी दोन घास चिवडले. ऑपरेशनच्या तोंडावर या बाईने अन्न सोडलं तर डॉक्टर मला फाडून खातील. म्हणून मी आकडा काढायचं कबूल केलं. मनातून मात्र मला ते वर्ष उकरायचं नव्हतं. त्याच्या आधीची वर्षं मला फार आवडतात, हे त्याचं कारण.

आमचं फ्रेमचं दुकान. आता माझं एकटीचं आहे, तेव्हा बाबा आणि काका दोघांचं होतं. बाबा काच कापायचे, काका लाकूड. हिऱ्याच्या टोकाने काचेवर रेघ ओढली की बाबा श्वास रोखत आणि त्यांच्याबरोबर अख्खं दुकान श्वास रोखे. काच टक्‌कन तुटली की सगळे एकदम बोलायला लागत. काकांचे कोपरे असे बसत की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकायचं नाही. मी आजही तसा कोपरा बसवू शकत नाही, गिऱ्हाइकांना कळत नाही हे माझं नशीब. वर जिना चढला की तीन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आई-बाबा आणि मी, काका-काकू आणि त्यांची मुलगी. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, तिला सगळे बटण म्हणत. बटण आता परदेशात मोठ्या कंपनीत आहे आणि तिला बटण म्हटलेलं आवडत नाही.

आमच्या घराचा खरा कारखाना म्हणजे ते स्वयंपाकघर. आई आणि काकू तिथे सकाळी शिरत आणि बोलायला लागत. एकीने न्याहारीच्या वेळी सुरू केलेलं वाक्य दुसरी दुपारची भांडी घासताना पूर्ण करी. कांदा चिरताना, तांदूळ निवडताना, ओट्यावर फडकं मारताना, तोंडं चालूच. काय बोलत असत देव जाणे. मी आणि बटण टेबलाखाली बसून ऐकायचो, पण कोण कोणाबद्दल बोलतंय याचा आम्हाला पत्ता लागत नसे. बाबा म्हणत, "या दोघींच्या बोलण्यावरच भात शिजतो, आपण उगाच रॉकेल जाळतो."

मग कारखाना बंद पडला. गावातली निम्मी घरं त्या कारखान्यावर जेवत होती. ज्यांना पुढच्या महिन्यात ही भिंत आपली राहील का याची काळजी, ते भिंतीवर काय टांगणार? दुकानात काचा धूळ खात पडल्या. तेव्हा सरकारने मदत जाहीर केली, कामगारांना आणि आमच्यासारख्या लहान दुकानदारांनाही. वर्षाचं उत्पन्न चोवीस हजारांच्या आत असेल त्या कुटुंबाला तीन हजार, शिवाय मुलामागे पाचशे. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.

हे सगळं आम्हाला इतरांच्या आधी कळलं, कारण ती सूचना काचेखाली घालायचं काम आमच्याच दुकानाला मिळालं होतं. कार्यालयाच्या दारावर कागद चिकटवला की लोक फाडून घरी नेत. म्हणून शिपाई तो घेऊन आमच्याकडे आला. तेवढंच त्या महिन्यातलं काम. बाबांनी काच कापली, काकांनी चौकट केली आणि काम करता करता दोघांनी मजकूर पाठ केला. आमच्या दुकानाचं उत्पन्न चोवीस हजारांच्या वर होतं. बाबांनी कपाळाला हात लावला.

"एकदा कार्यालयात विचारून तर या," आई म्हणाली होती.

"मी स्वतःच्या हाताने काचेखाली घातलाय तो कागद," बाबा म्हणाले. "त्यात काय लिहिलंय ते मला कोण शिकवणार?"

तोड काकांनी काढली. "दादा, घर एक आहे म्हणूनच अडतंय ना? मग दोन करू. कागदोपत्री."

कागदोपत्री दुकान दोन झालं. काचेचं बाबांचं, लाकडाचं काकांचं. फ्रेम म्हणजे काच आणि लाकूडच, तेव्हा गिऱ्हाइकाने एका फ्रेमसाठी दोन दुकानांत जायचं आणि दोन्ही दुकानं एकाच टेबलावर. या गोष्टीवर आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मागच्या खोलीत, जिथे जुन्या चौकटी ठेवत, तिथे काकूसाठी एक रॉकेलचा स्टोव्ह मांडला. चार भांडी, एक पिंप, मिठाची बरणी. तपासनीस कधीही येईल, न सांगता येईल, असं ऐकलं होतं. म्हणून नुसत्या दिखाव्यावर भागेना. काकूला खरोखरच तिकडे रोज रांधावं लागलं आणि त्या तिघांना तिकडेच जेवावं लागलं. मधलं दार लावून घेतलेलं असे. बटण आणि मी दोन्हीकडे जेवायचो. दोनदा जेवायला मिळतं म्हणून आम्हाला वेगळं होणं फार आवडलं होतं.

तपासनीस दीड महिन्याने उगवला. बुटका, सर्दी झालेला माणूस. त्याने आईच्या भांड्यावरचं झाकण उचललं, मग मागे जाऊन काकूच्या भांड्यावरचं.

"दोन्ही घरांत बटाटाच?" त्याने नाक पुसत विचारलं.

"बाजारात दुसरं आहे काय?" काकू म्हणाली. तो हसला आणि सही करून गेला. साडेतीन हजार आमच्या घराला, साडेतीन हजार त्यांच्या घराला.

खरं तर त्या संध्याकाळी स्टोव्ह उचलायला हवा होता. पण वर्षभरात पुन्हा तपासणी होऊ शकते, असं कोणीतरी म्हणालं. वर्ष झालं, कोणी आलं नाही, आणि स्टोव्हही तिथेच राहिला. मग काकांनी एक लहानसं कपाट केलं भांड्यांसाठी. मग मधल्या दारासमोर आमच्या बाजूने धान्याचं पिंप आलं, कारण दार तसंही बंदच असायचं. आणखी दोन वर्षांनी काकांना गावाच्या दुसऱ्या टोकाला गाळा मिळाला. ते तिकडे गेले तेव्हा सगळे जण जिन्यापर्यंत निरोप द्यायला आले आणि बाबांनी हातगाडीला धक्का दिला. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. आमच्याकडे मिटवायला काहीच नव्हतं. लग्नकार्याला भेटत राहिलो, मग बाबा गेले तेव्हा, मग काका गेले तेव्हा.

तर आकडा. मदत खात्याच्या वेबसाइटवर जुन्या योजनांचं एक पान आहे. वर्ष निवडायचं, उत्पन्न आणि घरातली माणसं भरायची, की त्या वर्षी तुम्हाला अंदाजे किती मिळाले असते ते सांगतं. कोणाला हवं असतं हे, मला माहीत नाही. माझ्या आईसारख्या कोणाला तरी असणार. माणसं सहा, हे सोपं. उत्पन्न किती, इथे गाडी अडली.

"ते मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "पैशाचा डबा तिच्याकडे असायचा."

"मग विचारू काकूला. फोन लाव."

"फोनवर हे असलं नको."

"मग जाऊ."

 आई उठून कपाटातली चांगली साडी काढायला लागली. जावेकडे जायला चांगली साडी! पूर्वी या दोघी एकमेकींचे गाऊन घालायच्या.

काकूचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं, आरशासारखं लख्ख. तिने आम्हाला बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर बसवलं. ट्रेमध्ये चहा आणला, कपांखाली बशा, बशांत बिस्किटं. आई "कशाला उगाच त्रास" म्हणाली आणि काकू "त्रास कसला" म्हणाली. मला दोघींना गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं, बातमी, ऑपरेशन, न जेवणं, सगळं.

काकूने कप खाली ठेवला. "ताई, माझ्याही मनात येतं कधीकधी," ती म्हणाली. "जास्तीचे असतील तर निम्मे माझे. मीही देणार."

"आधी किती ते तर कळू दे," मी म्हटलं. "त्या वर्षी दुकानात आलं किती?"

काकूला बेरीज आठवत नव्हती. गिऱ्हाइकं मात्र एकूण एक आठवत होती. शाळेचे ग्रुप फोटो, दर वर्षी परीक्षेच्या आधी, ते त्या वर्षीही आले होते. ते मांडले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे दोन मोठे आरसे.

"तीन," आई म्हणाली. "एक आणताना फुटला."

"फुटला तो आपल्या हातून, ताई. त्याचे पैसे आले नाहीत, गेले."

"हो, खरंच. आणि तुझे ते दीर दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते."

"माझे दीर म्हणजे तुमचा नवरा!"

आई हसली. मी कागदावर आरसे दोनच लिहिले. मग लग्नाचे फोटो, पहिल्या तीन महिन्यांतले. मग कारखान्याच्या साहेबाच्या निरोप समारंभाची भलीमोठी तसबीर, जिचे पैसे साहेबाने दिलेच नाहीत, ती खोडली. मग काकू म्हणाली, "ती बाई आठवते? फ्रेम परत घेता का म्हणून आली होती."

आईला आठवत होती. मलाही आठवली, हिरव्या स्वेटरची. लग्नाचा फोटो घेऊन आली होती. काकांनी फोटो काढून, कागदात गुंडाळून तिला दिला आणि फ्रेमचे पूर्ण पैसे दिले. ती गेल्यावर त्यांनी ती फ्रेम विकायला ठेवली नाही, टेबलाखाली ठेवून दिली. अजून आहे, आडवी ठेवून मी त्यात खिळे ठेवते. ती त्या बाईची आहे हे मला त्या दुपारी कळलं.

दुपार अशी गेली. चहा गार झाला, तो कोणी प्यायला नाही. आई खुर्चीवरून दिवाणावर सरकली, गुडघा लांब करून बसली, आणि काकूने न विचारता त्याखाली उशी दिली. बेरीज साधारण तीस हजारांवर येऊन थांबली. चोवीसच्या चांगलीच वर. आईचा चेहरा उतरला. एकच घर धरलं तर मदत शून्य, म्हणजे सातच्या सात हजार परत करायचे, आणि तीस वर्षांचं व्याज ती मनात धरत असणार, मला ठाऊक आहे ती.

मी मोबाइलवर आकडे भरले. उत्पन्न तीस हजार. माणसं सहा. जोडपी दोन, मुलं दोन. उत्तर आलं, सात हजार.

मला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा भरलं, पुन्हा सात हजार. खाली "मूळ सूचना पाहा" असं होतं, ते दाबलं. पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो उघडला. बाबांनी पाठ केलेला तोच मजकूर, शब्दन्‌शब्द. मी बोटाने वर सरकवलं, तर पुढे आणखी एक पान. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर दर माणसामागे मर्यादेत चार हजारांची वाढ. एका घरात एकाहून अधिक जोडपी असतील तर प्रत्येक जोडप्याला पूर्ण रक्कम. मी मोठ्याने वाचलं. सहा माणसांची मर्यादा बत्तीस हजार. आमचे तीस.

"म्हणजे काही देणं नाही?" आईने विचारलं.

"एक छदामही नाही. एकत्र दाखवलं असतं तरी इतकेच मिळाले असते."

आईचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे मिटून घेतले. काकू मात्र माझ्या हातातल्या मोबाइलकडे टक लावून बघत होती.

"दोन कागद," ती म्हणाली. "अगं, दोन कागद होते! शिपायाने दोन आणले होते, मी बघितलेत. पण कार्यालयाने पैसे एकाच फ्रेमचे दिले होते. तेव्हा भाऊजी म्हणाले, दुसरा मागे घालू, तेवढाच पुठ्ठा वाचेल."

 मीच आधी हसायला लागले. तीस वर्षं तो दुसरा कागद पहिल्याच्या पाठीला लागून भिंतीकडे तोंड करून बसला असणार, काकांच्या बिनचूक कोपऱ्यांत, बाबांच्या स्वच्छ काचेखाली. कार्यालयातल्या माणसाला नियम माहीत होता, नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं. काकूही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई हसली नाही.

"म्हणजे तो स्टोव्ह," ती म्हणाली. "उगाचच."

काकूचं हसू थांबलं.

"उगाचच मांडला आपण तो," आई म्हणाली. "पण एक बरं झालं. तुला तरी सुख मिळालं."

"मला कसलं सुख?"

"मला ऐकू यायचं ना दारातून. तू गायचीस. माझ्याबरोबर होतीस इतकी वर्षं, कधी एक ओळ गुणगुणली नाहीस. स्वतःची चूल झाली आणि तुझा गळा मोकळा झाला. मी म्हटलं, राहू दे. माझ्या हाताखाली ही कोंडली होती बिचारी. म्हणून तर तपासनीस गेल्यावर मी तुला परत बोलावलं नाही. जिवावर आलं होतं, पण नाही बोलावलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. गाणं मला आठवत होतं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, भांड्यांच्या आवाजात.

काकू आईकडे वळली. "ताई, तुमच्या स्वयंपाकघरात गायला मला फुरसत कुठे होती? आपण बोलत असायचो."

आईने गुडघ्याखालची उशी सारखी केली.

"तिकडे बोलायला कोणी नव्हतं," काकू म्हणाली. "नुसत्या त्या रिकाम्या चौकटी. जीव घाबरायचा माझा. म्हणून गायचे. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने गायचे. वाटायचं, ऐकलं की दार उघडून म्हणाल, पुरे झालं नाटक, ये इकडे. मग तुम्ही दारासमोर पिंप ठेवलंत. मला वाटलं, तुम्हाला माझा आवाज नकोसा झाला."

"उंदीर झाले होते गं," आई म्हणाली. "म्हणून पिंप उचलून तिथे ठेवलं."

मी कागद, पेन्सिल, मोबाइल सगळं पर्समध्ये भरायला लागले, कारण त्या दोघींकडे बघवेना. सात हजारांचा हिशेब चोख निघाला होता. बाकीचा कुठे भरायचा? त्यासाठी कुठलं पान नाही. मला बाबांचा राग आला, काकांचा आला, त्या पुठ्ठ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त या दोन बायकांचा आला. आयुष्यभर अखंड बोलल्या आणि एवढंच बोलायचं राहिलं.

काकूने पदराने डोळे पुसले आणि उठली. "जेवून जा," ती म्हणाली. "ताईंनी दोन दिवस काही खाल्लं नाहीये म्हणे."

"काय आहे?" आईने विचारलं.

"बटाटा."

आई उठायला लागली. मी हात पुढे केला तर तिने तो झटकला. दिवाणाची कड धरून, गुडघ्याला शिव्या घालत, ती लंगडत आत गेली. जाताना म्हणाली, "मीठ मी घालणार, तुझा अंदाज पहिल्यापासून चुकतो." आतून काकूने काहीतरी उत्तर दिलं, मग आईने त्यावर, मग दोघी एकदमच. सोमवारनंतर काकू आमच्याकडे राहायला येणार, की आई बरी होईपर्यंत इथे, यावर वाद चाललेला मला कळला, पण तेवढ्यात विषय न्हाव्याच्या आरशावर गेला, तिथून कोणाच्या तरी सुनेवर, आणि पुढचं मला काही समजेना.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. भूक लागली होती, पण मी आत गेले नाही. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, सुरीचा आला. गाण्याचा आला नाही.